एदविजच्या गळ्यातली गोमाशी

एदविजने आपला नवा आवाज पहिल्यांदा काढला, त्याच संध्याकाळी तिच्या हासळीचं हाड मोडलं.

नोव्हेंबरचे दिवस होते. खाली शहरातल्या इस्पितळातून तिचा दीर सिप्रियें तिला गाडीत घालून घेऊन आला. आमचं ला क्रेत म्हणजे उतारावरची दहा-बारा घरं. प्रत्येक खिडकीत कुणी ना कुणी उभं होतं. मी तिची शेजारीण; सूप उकळत ठेवलं होतं, राईचा पाव कापून ठेवला होता, तिच्या घरातली शेगडीही पेटवून आले होते. पण बाई गाडीतून उतरली ती घराकडे वळलीच नाही. गळ्याभोवती निळा रुमाल, खांद्याला पिशवी आणि हातात टॉर्चसारखं दिसणारं एक काळं यंत्र घेऊन ती थेट गोठ्यात शिरली.

गोठ्यात सात गायी बांधलेल्या. शेवटची मेझांज. मेझांज हे खरं तर आमच्याकडच्या मुठीत मावणाऱ्या पाखराचं नाव. या मेझांजचं वजन सातशे किलोच्या घरात. काळी कुळकुळीत, आखूड पायांची, कपाळ ऐरणीसारखं. एदविजने यंत्राचं तोंड गळ्याला टेकवलं, बटण दाबलं आणि ओठ हलवले. गाईचंच नाव घेतलं असणार. बाहेर आलेला आवाज मी अंगणापलीकडून ऐकला. एकसुरी, कोरडा, पत्र्याच्या डब्यात काहीतरी कोंडल्यासारखा. गूंऽऽऽ.

मेझांजची शेपटी काठीसारखी ताठ उभी राहिली. लगेच भिंतीतली कडी साखळीसकट उपटून आली. गाय आडवी वळली, आणि गव्हाण आणि भिंत यांच्यामध्ये एदविज सापडली. बाकीच्या सहा जणी दावणीला हिसडे देत होत्या, लाकूड फुटत होतं, दुधाची बादली चपटी होऊन दारापर्यंत आली. मी आत पोचले तेव्हा एदविजचं तोंड उघडं होतं, पण ओरडा नव्हता. गळ्याच्या भोकातून नुसती हवा फस्स फस्स करत होती, आणि निळ्या रुमालावर रक्ताचे शिंतोडे. सिप्रियेंने खोरं उचललं आणि मेझांजच्या नाकाडावर दोन हाणले, तेव्हा कुठे ती मागे सरली.

मी एदविजला काखेत धरून ओढायला लागले. एक हात लोंबत होता. दुसऱ्या हाताने तिने धार काढायची तिपाई उचलली आणि सिप्रियेंला फेकून मारली. ती त्याच्या गुडघ्याला लागली.

"अगं बये, तुला वाचवतोय मी!" तो कळवळला.

तिने गाईच्या नाकाकडे बोट दाखवलं, मग खोऱ्याकडे, मग मूठ.

"माझ्या गुडघ्याचं काय? त्याला नाही का नाक?" सिप्रियें चोळत खाली बसला. मग त्याला एकदम काहीतरी उमगलं आणि तो शेणातच बसून हसत सुटला. "गोमाशी! अगं, हिच्या गळ्यात गोमाशी बसवून पाठवलीय डॉक्टरांनी!"

ते खरंच होतं. आमच्याकडे गुरांची एक माशी असायची. ती गाईच्या पायावर अंडी घालायची, अळी आत शिरून मांसातून पोखरत पाठीपर्यंत जायची आणि कातडं फोडून बाहेर पडायची. आता औषधांनी ती माशी जवळजवळ संपली, पण तिच्या आवाजाची भीती गायींच्या अंगात राहिली आहे. तो गूं गूं आवाज ऐकला की शेपट्या वर करून अख्खा कळप कड्यावरून उडी टाकेल इतका उधळतो. लहानपणी आम्ही कुंपणाआड लपून ओठांनी तसला आवाज काढायचो. त्यासाठी आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने एकदा तरी पट्ट्याचा मार खाल्लाय. शहरातल्या डॉक्टरिणीला हे कुठून ठाऊक असणार? तिने आपलं चांगल्या मनाने बोलायचं यंत्र दिलं होतं.

*

तो दिवस इतका मनाला लागला, कारण एदविजचा आधीचा आवाज आम्ही ऐकलेला होता. ती दरीच्या या काठावरून हाक मारायची आणि पलीकडच्या काठावरची गाय मान वर करायची. माझ्या लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मी त्या आवाजाने हातातली बशी टाकली होती. भांडायची तेव्हा तर विचारूच नका. काळ्या वाकड्या सिगारी ओढायची, बायकांमध्ये एकटीच. पाद्रीबाबा एकदा म्हणाले, "मादाम, हे शोभत नाही," तर म्हणाली, "बाबा, तुमच्या धुपाला मी कधी काही म्हटलं का?"

तिचा नवरा ग्रासियें हिमकड्याखाली गेला. फेब्रुवारीत सकाळच्या धारेच्या वेळी वरून बर्फ सुटला आणि गोठा, चार गायी आणि माणूस घेऊन नाल्यात उतरला. एदविज नुसत्या हातांनी उकरत राहिली, बोटांची नखं निघाली तरी. ग्रासियें सापडला तो तुळईखाली, छाती चेपलेला. त्याच्या पलीकडे, मेलेल्या गाईच्या पोटाशी, एक वासरू जिवंत होतं. एदविजने ते खांद्यावर घालून आणलं आणि स्वयंपाकघरात ठेवलं. नवऱ्याला पुरून आली त्याच दुपारी त्या वासराला बाटलीने दूध पाजत बसली. कुणी सांत्वनाला आलं तर म्हणायची, "हळू बोला, झोपलंय." मेझांज त्या वासराची पणती.

घसा बसला तेव्हा तिने वर्षभर कुणालाच काही सांगितलं नाही. मध आणि जर्दाळूची दारू घेत राहिली. शेवटी एक दिवस पाव घशात अडकला आणि ती माझ्या दारात निळी पडून कोसळली. डॉक्टरिणीने आढेवेढे न घेता सांगितलं, घशाचा कॅन्सर आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वास मानेतल्या भोकातून घ्यावा लागेल, त्यानंतर किरणांचा उपचार. एदविज घोगऱ्या आवाजात म्हणाली, "म्हणजे डुकराचा कापतात तसा गळा कापणार, फक्त सॉसेज नाही करणार." डॉक्टरीणही हसली म्हणे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने गोठ्यात जाऊन प्रत्येक गाईला नावाने हाक मारली. मी बाहेर उभी होते. मेझांजला तिने फार वेळ हाका मारल्या.

किरणांनी तिची मान भाजून निघाली. कातडी उकडलेल्या टोमॅटोच्या सालीसारखी सुटायची. वास येणं बंद झालं; गवत कुजलंय का ते तिला आता हात घालून बघावं लागे. खोकला यायचा तो मानेतून, आणि समोर बसलेल्याच्या अंगावर. एकदा सिप्रियेंच्या रविवारच्या शर्टावर उडाला, तर तिने यंत्र लावून सांगितलं, "नेम बसतोय हळूहळू."

म्हणजे ती रडायची नाही असं नाही. हाड जुळेपर्यंत हात झोळीत होता, त्या दिवसांत तिने यंत्र दोनदा भिंतीवर फेकलं, एकदा खिडकीतून बाहेर. काच माझ्या नवऱ्याने बसवली. यंत्र फुटलं नाही. "चिवट आहे मेलं," ती म्हणाली, "जमेल आमचं."

*

डिसेंबरात प्रार्थनेनंतर कॅफेत वरच्या कुरणाची बैठक भरली. उन्हाळ्याचे तीन महिने गावातल्या सगळ्यांच्या गायी वर सामाईक कुरणावर जातात. तिथली जागा गेली म्हणजे खालचं गवत उन्हाळ्यातच गायींच्या पोटात जाणार, हिवाळ्याला काडी उरणार नाही, आणि गायी विकाव्या लागणार. त्यामुळे सिप्रियेंने तोंड उघडलं तेव्हा सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले.

"मी वाईट बोलत नाही," तो ग्लास फिरवत म्हणाला. "पण चढणीच्या दिवशी सगळ्या गायी एकत्र सुटतात, कळपाची राणी ठरेपर्यंत झुंजतात. मेझांजसारखी गाय उधळली तर तिला आवरणार कोण? हिची हाक नाही, शिट्टी नाही. यंत्र लावलं तर सगळाच कळप दरीत. गायी माझ्याकडे देऊ दे. मी काय परका आहे?"

एदविज उठली. तिने त्याच्या ग्लासातली वाइन त्याच्या तोंडावर मारली आणि ग्लास जागेवर ठेवला.

"ही चांगली वाइन होती," सिप्रियें मिशा चाटत म्हणाला.

कुरणाचा कारभारी दिओनी म्हातारा, कमी बोलणारा. त्याने बराच वेळ टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा केले. "एदविज, सिप्रियें मूर्ख आहे, पण चूक बोलत नाही," तो म्हणाला. "एक अट. चढणीच्या दिवशी झुंजी संपल्या की तू आपली गाय स्वतः वरच्या आवारात आणायचीस. एकटीने. आणलीस तर कुरणावरची जागा तुझी, त्यापुढे कुणी बोलायचं नाही. नाही आणता आली तर गायी सिप्रियेंच्या गोठ्यात."

तिने यंत्र लावलं. "मान्य." कॅफेतला कुत्रा टेबलाखाली गेला.

मग तो हिवाळा. एदविजने यंत्र गोठ्याबाहेर खिळ्याला टांगायला सुरुवात केली. आत जायचं ते मुकं. तिने मांडीवर तळहाताने दोन थापा मारायच्या, थप्प थप्प, आणि मीठ द्यायचं. पहिले काही आठवडे मेझांज तिला बघितलं की डोळे फिरवायची. एदविज जवळ गेली की शिंग हाणायची. तिच्या दंडावर, बरगड्यांवर निळे-पिवळे डाग. मी मलम लावायचे आणि ओरडायचे.

"मरशील एक दिवस त्या जनावराच्या पायाखाली!"

ती यंत्राने म्हणायची, "कॅन्सरला सांग, रांगेत उभा राहा."

फेब्रुवारीत तपासणीला गेली तेव्हा फुप्फुसात एक डाग दिसतोय असं सांगितलं. पुन्हा बघू म्हणाले. परत आल्यावर तिने दिवसभर लाकडं फोडली. कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव आणि मानेतून निघणारा श्वास, ठक्-फस्स, ठक्-फस्स, आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. एप्रिलमध्ये कळलं की डाग जुन्या कसल्याशा जखमेचा होता. त्याही दिवशी तिने लाकडं फोडली. फरक एवढाच की त्यातली अर्धी माझ्या दारात आणून टाकली.

मे महिन्यात एका सकाळी मी दूध घ्यायला गेले तर मेझांज अंगणाच्या त्या टोकाला सुटी उभी. एदविजने माझ्याकडे पाहिलं, भुवई उडवली, मांडीवर थाप मारली. थप्प थप्प. ते धूड डुलत आलं आणि तिच्या काखेत तोंड खुपसून उभं राहिलं.

*

चढणीचा दिवस जूनमधला, लख्ख. वरच्या कुरणावर बर्फ नुकता वितळलेला, माती मऊ. अंगावर पांढऱ्या रंगाने आकडे टाकलेल्या ऐंशीएक गायी दोरखंडाच्या पलीकडे सुटल्या. आम्ही अलीकडे, चीज आणि वाइन घेऊन बसलेलो.

बाहेरच्या लोकांना वाटतं, गायी म्हणजे शांत प्राणी. आमच्या नव्हेत. त्या गुडघे टेकतात, शिंगांनी माती उकरून स्वतःच्या पाठीवर फेकतात, डोळ्यांचं पांढरं दाखवतात. मग कपाळावर कपाळ आदळतं, आणि तो आवाज तुमच्या दातांत जाणवतो. हरलेली पाठ फिरवते, जिंकलेली चार पावलं पाठलाग करते आणि सोडून देते. दुपारपर्यंत असल्या शंभर झुंजी झाल्या. एकीचा कान फाटला, एकीची जीभ दातांत सापडून रक्ताची तार लोंबत होती. कुणी सहज मागे सरत नव्हतं. शेवटी दोनच उरल्या. सिप्रियेंची व्हिपेर आणि मेझांज.

व्हिपेर तांबूस, उंच, शिंगं पुढे वळलेली. ती सरळ भिडायची नाही. आधी बाजूने मानेत शिंग घालायची. पहिल्याच धडकेत मेझांजच्या खांद्याचं कातडं वीतभर उघडलं. दुसऱ्या वेळी शिंगात शिंग अडकलं आणि दोघी पायांनी जमीन नांगरत एकमेकींना रेटत राहिल्या, तोंडातून फेस, पोटं धापांनी हलताहेत. माती उडून आमच्या चीजवर पडली. कुणी झटकलीसुद्धा नाही.

"ढकल तिला, व्हिपेर! ढकल!" सिप्रियें काठी घेऊन आत होता. झुंजणाऱ्या गायी कड्याकडे गेल्या तर वळवायला काठीवाले आत असतात, आणि त्यात तो सगळ्यात तरबेज.

एदविज दोरखंडाला धरून उभी. ओठ हलत होते. काय म्हणत होती कोण जाणे.

मग कडाड असा आवाज झाला. मेझांजच्या डाव्या शिंगाची खोळ मुळापासून निखळून गवतावर पडली. आतलं मऊ, लाल हाड उघडं पडलं आणि रक्त तिच्या डोळ्यात धारेने उतरायला लागलं. आम्हाला वाटलं, संपलं. पण वेदनेनेच की काय, मेझांजने मान खाली घालून अशी मुसंडी मारली की व्हिपेर मागच्या पायांवर बसली. उठली आणि पळाली.

मेझांज राणी झाली होती! लोक उभे राहिले, कुणीतरी टोपी उडवली. तो आनंद आमच्या तोंडावरून उतरायच्या आत व्हिपेर पळता पळता सिप्रियेंला धडकली आणि तो उताणा पडला. मेझांजचा एक डोळा रक्ताने बंद. दुसऱ्याला समोर काहीतरी हलताना दिसलं. ती थांबलीच नाही.

तिने त्याला उचलून दगडावर आपटलं. मग उरलेल्या शिंगाने दाबून धरलं आणि रेटत राहिली. सिप्रियेंच्या छातीतून सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला, मग आणखी एक. काठीवाले धावले. मेझांजच्या पाठीवर दोन काठ्या मोडल्या, ती हललीसुद्धा नाही. दिओनी तिची शेपटी पिळत होता, ओरडत होता.

एदविज दोरखंडाखालून घुसली. तिने मांडीवर थापा मारल्या, जोरात, पुन्हा पुन्हा. त्या गदारोळात कुणाला काय ऐकू जाणार? तिने धावत जाऊन शाबूत शिंगाला दोन्ही हातांनी लटकून ओढलं. मेझांजने मान झटकली आणि एदविज चार हातांवर जाऊन पडली. सिप्रियेंच्या तोंडातून लाल फेस यायला लागला होता.

ती उठली. एप्रनच्या खिशात हात घातला. मला कळलं ती काय काढतेय, आणि तिथल्या प्रत्येकाला कळलं. राणी कोण हे माणसं ठरवत नाहीत, गायी ठरवतात, आणि कळपासमोर पळालेल्या गाईला कळप मानत नाही. शिवाय आज गाय उधळली की ती एकटीने परत आणायची अट होतीच. हिवाळाभर त्या आवाजापासून तिने मेझांजला जपलं होतं.

तिने यंत्र मानेला लावलं, गाईच्या कानाशी वाकली आणि बटण दाबून धरलं.

गूंऽऽऽऽ.

मेझांजची शेपटी उभी राहिली. सिप्रियेंला सोडून ती वळली आणि सुटली. आणि तिच्यामागे सगळ्याच. ऐंशी शेपट्या आकाशात! दोरखंड तुटला, वाइनची पिंपं गडगडत गेली, पाद्रीबाबा खुर्चीसकट आडवे झाले. कळप दगडांच्या उतारावरून वर वर जात ठिपके ठिपके होऊन विखुरला.

एदविजने बटण सोडलं आणि सिप्रियेंच्या शेजारी बसली. त्याने एक डोळा उघडला. "जिंकली होती की गं," तो कसाबसा म्हणाला.

"गप्प पड," ती यंत्राने म्हणाली. "फेस येतोय."

हेलिकॉप्टर आलं तेव्हा पात्यांच्या वाऱ्याने धूळ उठली. एदविज रुमाल भोकावर दाबून पालथी पडली, तरी पुढे कितीतरी वेळ तिच्या मानेतून काळा खाकरा पडत होता. सिप्रियेंच्या सहा बरगड्या मोडल्या होत्या, एक फुप्फुसात घुसली होती. अर्धा तास उशीर झाला असता तर गेलाच होता, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

*

दुपार कलली. सगळे आपापल्या गायींना हाका मारत होते. तिग्रेस! व्हिओलीन! बारोन! नावं कड्यांवर आपटून परत येत होती, आणि एकेक गाय कुरकुरत उतरत होती. मेझांज सगळ्यात वर, दगडांच्या राशीच्या टोकाला, एका काळ्या ठिपक्यासारखी उभी. एदविजने मांडीवर थापा मारल्या. ठिपका हलला नाही.

दिओनी तिच्याजवळ आला. "राहू दे, एदविज. आज जे केलंस त्यानंतर कसली अट?"

"अट म्हणजे अट," यंत्र म्हणालं. "उद्या तूच म्हणशील, दया केली." मग ते तिने माझ्या हातात दिलं आणि चढायला लागली.

मी नवऱ्याची दुर्बीण घेऊन बसले. ती चार पावलं चढायची, वाकायची, मानेतून खोकायची, पुसायची. एका ठिकाणी पायाखालचा दगड निसटला आणि ती पोटावर घसरत आली. गुडघ्याचा पायमोजा लाल झाला. जुळलेल्या हासळीवर हात दाबून ती थोडा वेळ पडून राहिली. माझा नवरा उठला.

"बस," मी म्हटलं. "तू गेलास तर ती तुलाच ढकलून देईल."

ती उठली. वर पोचली तेव्हा मेझांज मागे सरकली, मान खाली घालून, फुरफुरत. एदविज पुढे गेलीच नाही. ती गाईकडे पाठ करून एका दगडावर बसली. त्या रक्ताळलेल्या जनावराकडे पाठ! मी दुर्बीण नवऱ्याच्या हातात कोंबली आणि लगेच परत हिसकावून घेतली. पुन्हा नीट धरली तेव्हा एदविज तशीच बसलेली. तिचा हात उचलला गेला आणि मांडीवर पडला. दोनदा. आवाज खाली येणं शक्य नव्हतं, पण मला तो ऐकू आल्यासारखा वाटला.

मेझांजने तिच्या पाठीला नाक लावलं. मग रक्ताचं डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं आणि निळा रुमाल, कोट, सगळं लाल करून टाकलं.

उन्हं कड्यामागे जाता जाता त्या दोघी खाली आल्या. एदविजचा हात शाबूत शिंगावर. कोण कुणाला धरून चाललंय हे सांगणं कठीण होतं. आवाराचं फाटक उघडायला चार जण धावले. एदविजने कुणाकडे न बघता ते पायाने ढकललं, गाय आत घातली, आणि माझ्यापुढे हात केला. मी यंत्र दिलं.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "कुठंय चीज?"

*

त्या उन्हाळ्यात मेझांज पुन्हा झुंजली नाही. मोडलेलं शिंग जनावरांच्या डॉक्टरने कापून, डांबर लावून बांधलं. व्हिपेर कळपाच्या पुढे चालायला लागली, आणि सप्टेंबरात कळप खाली उतरला तेव्हा राणीची मोठी घंटा आणि फुलांचा मुकुट व्हिपेरलाच बांधला गेला. मेझांज मागून एकशिंगी, पण पोट भरलेली, डुलत आली.

सिप्रियें रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसून बघत होता. वजन उचलायचं नाही, गवत टाकायचं नाही, थंडीत बाहेर पडायचं नाही, अशी त्याला ताकीद होती. त्याच्या गायी त्या दिवसापासून एदविजच्या गोठ्यात राहणार होत्या. दुसरा मार्गच नव्हता.

"काय गं," तो म्हणाला, "हरलीस तू, आणि राणी तुझ्या दावणीला? माझ्या पाचही गायी? हा कुठला न्याय?"

एदविजने यंत्र लावलं. "कॅफेतल्या त्या वाइनचे पैसे दुधातून वळते करून घे."

सिप्रियेंला हसू आलं आणि पाठोपाठ कळ. तो बरगड्या धरून वाकला, डोळ्यांतून पाणी. "हसवू नको गं, मारशील मला!"

"प्रयत्न झाला एकदा," ती म्हणाली. "जमलं नाही."

संध्याकाळी तिने नेहमीसारखं यंत्र गोठ्याबाहेर खिळ्याला टांगलं आणि आत गेली. मी दुधाचं भांडं घेऊन दारात थांबले. आतून थाप ऐकू आली, थप्प थप्प. मेझांज वळलेली मला दिसली. व्हिपेरला मात्र ती भाषा ठाऊक नव्हती. धप्प असा जाड आवाज झाला, बादली भिंतीवर आदळली, आणि एदविज मांडी धरून लंगडत बाहेर आली, डोक्यापासून पायापर्यंत दुधाने भिजलेली.

"लाथ?" मी विचारलं.

तिने मान हलवली. खांदे हलत होते, रुमाल फडफडत होता. ती हसली की आता तेवढंच दिसतं. मग रुमाल नीट बांधला, खिशातून मूठभर मीठ काढलं आणि पुन्हा आत गेली.